खूण न केलेलं घर

मी सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका शाळेत विज्ञान शिकवते. आमच्याकडे येणारी बहुतेक मुलं यंत्रमाग कामगारांची, नाहीतर विडी वळणाऱ्या बायकांची. घरी तेलुगू बोलतात, शाळेत मराठी आणि भांडायची वेळ आली की दोन्ही. माझा मुलगा दहावीत गेला त्या वर्षी व्यसनमुक्तीच्या कामासाठी प्रत्येक शाळेतून एका शिक्षकाला दोन दिवसांच्या प्रशिक्षणाला पाठवायचं ठरलं. विज्ञानाच्या बाई म्हणून मुख्याध्यापकांनी मला पाठवलं.

तिथं एक कागद मिळाला. त्यावर दोन रकाने होते. डाव्या रकान्यात मूल नशेकडे किंवा मारामारी-चोरीकडे वळण्याची शक्यता वाढवणाऱ्या गोष्टी होत्या. घरात कुणी पिणारं असणं, वडील दूर असणं, राहतं घर बदलणं, अभ्यासात मागे पडणं, संध्याकाळी घरात मोठं माणूस नसणं, अशा बऱ्याच. उजव्या रकान्यात मुलाला सावरून धरणाऱ्या गोष्टी होत्या. मनातलं सांगता येईल असं एक तरी मोठं माणूस, घरात त्याच्यावर सोपवलेलं काम, एकत्र जेवण, एखाद्या खेळाची गोडी, शाळेत आपल्याला कुणी ओळखतं असं वाटणं. शिकवायला आलेल्या गृहस्थांनी दोन्ही रकाने सोबत वाचा म्हणून सांगितलं होतं. जेवणानंतरची वेळ होती आणि निम्मा हॉल पेंगत होता. मी पेंगत नव्हते, वहीत लिहून घेत होते. तरीही मी ते ऐकलं नाही असंच म्हणावं लागेल.

शाळेत परत आल्यावर मुख्याध्यापकांनी नववीतल्या 'धोक्यातल्या' मुलांची नावं मागितली. एका मोकळ्या तासाला मी स्टाफरूममध्ये बसून फक्त डावा रकाना भरला. पाच नावं निघाली. त्यात एका मुलाच्या नावापुढे सगळ्यात जास्त खुणा झाल्या. बाप पिणारा, कामावर टिकत नसलेला. मोठ्या भावानं शाळा सोडलेली. स्वतः गणितात दोनदा नापास. उजव्या रकान्यात काय लिहायचं ते मला माहीत नव्हतं, कारण मी त्याच्याशी कधी दोन वाक्यं बोललेच नव्हते. तो शेवटच्या बाकावर भिंतीला टेकून बसायचा आणि हजेरीला बसल्या जागी हात वर करायचा. मी कागद दिला आणि पुढच्या तासाला निघून गेले.

त्या आठवड्यात मुख्याध्यापकांनी यादीतल्या मुलांची दप्तरं तपासायची ठरवली. प्रार्थनेनंतर, वर्गातच, सगळ्यांसमोर. मी बाजूला उभी होते. चार दप्तरांत काही निघालं नाही. त्या मुलाच्या दप्तरात वह्यांच्या खाली वर्तमानपत्रात बांधलेलं एक गाठोडं होतं. ते उघडलं तर आत विड्यांच्या जुड्या.

"हे काय आहे?" मुख्याध्यापकांनी विचारलं.

"विड्या, सर."

वर्ग हसला.

"अम्माच्या हायती," तो म्हणाला. "तिला ताप हाय. शाळा सुटल्यावर कारखान्यात द्यायच्यात."

"उद्या आईला घेऊन ये, मग बघू." गाठोडं कपाटात गेलं.

तो खरं बोलत होता हे मला त्याच क्षणी कळलं होतं. आमच्या शाळेच्या आसपास घराघरांतून उंबऱ्यात बसून विड्या वळणाऱ्या बायका मी रोज बघत होते. आई आजारी असली की पोरं माल पोचवतात, हेही मला माहीत होतं. मुख्याध्यापकांना हे सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मी बोलले नाही. पाहुणे म्हणून आलेल्या शिक्षणाधिकाऱ्यांसारखी हातात फाईल धरून उभी राहिले. मधल्या सुट्टीत मी ते गाठोडं मागून घेतलं आणि त्याच्या हातात दिलं, पण तेव्हा व्हरांड्यात कुणी नव्हतं. त्यानं ते घेतलं, माझ्याकडे बघितलं नाही. दुसऱ्या दिवसापासून तो शाळेत आला नाही.

त्याच्या घरी जाऊन यायला हवं, असं मी रोज ठरवत होते. जमलं नाही असं मी स्वतःला सांगत होते. शाळा सुटली की मला दोन घरच्या शिकवण्या होत्या, मग शहराच्या दुसऱ्या टोकाला, जुळे सोलापुरातल्या फ्लॅटपर्यंतचं अंतर, मग स्वयंपाक. दोन वर्षांपूर्वीच आम्ही पूर्व भागातलं भाड्याचं घर सोडून तिकडे राहायला गेलो होतो. मुलासाठीच गेलो होतो, चांगला शेजार मिळावा म्हणून. त्याच वर्षी माझ्या नवऱ्याची बदली बार्शीला झाली. बँकेतली नोकरी, सकाळी वेळेवर पोचायला हवं, म्हणून त्यांनी तिथं एक खोली घेतली. शनिवारी संध्याकाळी यायचे, सोमवारी पहाटे जायचे.

मुलगा तेव्हा पंधराचा होता. जुन्या गल्लीत असताना तो रोज संध्याकाळी मैदानावर कबड्डी खेळायचा, गुडघे फोडून घ्यायचा. नव्या घरी आल्यावर ते सुटलं. बस बदलून तिकडे जायला वेळ नाही आणि दोन वर्षांत दहावी, असं मीच म्हटलं होतं. त्या पावसाळ्यात तो दुपारी फार झोपायला लागला. नाक आणि मान खाजवायचा. गोड खायचा, साखरेचा डबा भराभर उतरायचा. मी विचारलं तर म्हणायचा, "क्लासमध्ये दमायला होतं." मला ते पटलं. प्रशिक्षणाच्या वहीत नशेची लक्षणं म्हणून यातल्या दोन गोष्टी मी स्वतःच्या अक्षरात लिहून घेतल्या होत्या आणि त्या वहीच्या शेजारीच बसून मी त्याला खोकल्यावर आलं-मधाचं चाटण करून देत होते.

ऑगस्टमध्ये एका बुधवारी, मधल्या सुट्टीत, मला पोलीस ठाण्यातून फोन आला. मुलाचं नाव सांगून पोलीस बाईंनी विचारलं, "आपण त्याची आई का?" मला वाटलं अपघात झाला. त्या म्हणाल्या, "जिवाला काही नाही. पण तुम्ही या."

तो एका बाकावर बसला होता. कोपर सोललेलं, शर्ट चिखलानं माखलेला. शेजारी क्लासमधली दोन मोठी मुलं, एक अकरावीतला, एक कॉलेज सोडलेला. तिघांनी क्लासबाहेर उभी केलेली एक मोटरसायकल नेली होती. किल्ली गाडीलाच होती. होटगी रोडला जाऊन ती खड्ड्यात घातली. गाडी एका दूध घालणाऱ्याची होती. तो तिथंच उभा होता, रिकामी किटली हातात घेऊन. मुलाच्या खिशात खोकल्याच्या औषधाची, पोरं नशेसाठी पितात तसली, बाटली सापडली होती, अर्धी रिकामी.

"हे औषध घरात कुणाला चालू आहे?" त्या बाईंनी विचारलं.

मी हो म्हणायच्या तयारीत होते. ओठांवर आलेलं ते खोटं मला आजही आठवतं. मग मुलाकडे नजर गेली. तो माझ्याकडे बघत होता आणि मी काय म्हणते याची वाट बघत होता.

"नाही," मी म्हटलं. "कुणालाच नाही."

त्यानं मान खाली घातली. तिघंही अठराच्या आतले होते, पहिलाच प्रकार होता, त्यामुळं पोलीस बाईंनी आम्हा पालकांना बसवून समज दिली, लिहून घेतलं आणि पंधरा दिवसांनी परत यायला सांगितलं. दूधवाले गृहस्थ फार बोलले नाहीत. माझ्या मुलाला एवढंच म्हणाले, "माजी वाट बघत लोक चहाला थांबले आसतील रं सकाळपास्नं." रागावून नाही, खरंच त्यांना त्याचीच काळजी होती. मुलगा 'सॉरी' म्हणाला, इतक्या बारीक आवाजात की मला पुन्हा म्हणायला लावावं लागलं.

त्या दिवशी दुपारी घरी आल्यावर मी त्याच्या कपाटातलं सगळं बाहेर काढलं. गादीखाली, बुटांच्या खोक्यात, जुन्या वह्यांच्या मागे बाटल्या होत्या. मी त्याला मारलं. पंधरा वर्षांत कधी हात उचलला नव्हता. तो हललाही नाही, आणि त्या न हलण्याचीच मला जास्त भीती वाटली. नवऱ्याला फोन केला तेव्हा पहिलं वाक्य माझ्या तोंडून निघालं, "हे कुणाला सांगू नका." ते म्हणाले, "मी निघतो." आणि मिळेल त्या एसटीनं आले.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं सरकारी दवाखान्यातल्या मानसोपचार विभागात गेलो. ओळखीचं कुणी भेटेल म्हणून मी पदर डोक्यावरून घेतला होता. डॉक्टर वयानं माझ्यापेक्षा लहान होत्या. त्यांनी मुलाशी बराच वेळ एकांतात बोलून घेतलं, मग आम्हाला आत बोलावलं. औषधं लिहून दिली, नेमानं यायला सांगितलं. मग प्रश्न विचारायला लागल्या.

"क्लासवरून तो घरी येतो तेव्हा घरात कोण असतं?"

"कुणी नाही."

"जेवायला सोबत कोण?"

"मी आठला येते. तो तोपर्यंत जेवलेला असतो."

"त्याला राग आला, भीती वाटली, तर तो कुणाला सांगतो?"

मी नवऱ्याकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. हे प्रश्न मला ओळखीचे होते. माझ्याच कागदावर ते वाक्यांच्या रूपात छापलेले होते. घर बदलणं, वडील दूर, संध्याकाळी मोठं माणूस नसणं, मोठ्या वयाचे मित्र. माझ्या घराचा डावा रकाना त्या मुलाच्या रकान्याइतकाच भरत होता, फक्त तिथं खूण करायचं मला सुचलं नव्हतं. मास्तरणीचं घर, बँकेतला नवरा, फ्लॅट. तो कागद दुसऱ्यांसाठी असतो असंच मी धरून चालले होते.

शनिवारपर्यंतची रजा काढली होती. शेवटच्या दिवशी, नवरा मुलाजवळ होता तेव्हा, मी त्या नववीतल्या मुलाच्या घरी गेले. विडी कामगारांच्या घरकुलात एक खोली, पुढं पत्र्याची पडवी. त्याची आई दारात सूप मांडीवर घेऊन बसली होती. पानं कातरून ठेवलेली, तंबाखूचा वास. मी शाळेतली बाई म्हटल्यावर तिनं सूप बाजूला ठेवलं आणि आत जाऊन पाणी आणलं.

"तो कुठं आहे?" मी विचारलं.

"मामाकडं गेलाय, टॉवेलच्या कारखान्यात. शाळंत जात न्हाय म्हनतोय. मग बसून काय करनार."

"चूक माझी होती," मी म्हटलं. "विड्या तुमच्या आहेत, हे मला माहीत होतं. मी बोलले नाही."

 तिनं पुन्हा सूप मांडीवर ओढलं, एक पान घेतलं, तंबाखू भरली, वळली, दोरा गुंडाळला.

"त्याचा बाप पितो, व्हय," ती म्हणाली. "सगळ्या गल्लीला म्हाईत हाय. म्हनून तर मी ह्याच्यावर नजर ठिवते की. रोज सांजच्याला हितं माझ्याजवळ बसतो. मी वळते, तो जुड्या बांधतो. बांधता बांधता सगळं सांगतो. कोन काय बोललं, कुनी कुनाला मारलं, कोन कुटं बसून काय वडतंय. तोंडाकडं बघून इचारलं तर सांगत न्हाय. हात कामात आसले की सांगतो."

"त्या दिवशीचंही सांगितलं?"

"सांगितलं. तुमी बाजूला हुबं व्हता, ते बी सांगितलं."

मी तिथंच पायरीवर बसले आणि का कोण जाणे, तिला माझ्या मुलाचं सगळं सांगितलं. माझ्या सख्ख्या बहिणीलाही तोवर सांगितलेलं नव्हतं. बाटल्या, गाडी, पोलीस, मी मारलं ते. ती वळत राहिली आणि ऐकत राहिली. मध्ये एकदा आतून चटई आणून दिली, पायरी गार आहे म्हणून.

"मला वाटायचं, शिकल्याल्या लोकांच्यात आसलं न्हाय," ती शेवटी म्हणाली. ती टोचून बोलत नव्हती, तिला खरंच नवल वाटलं होतं. मग म्हणाली, "तुमी जावा घरी, बाई. त्याच्याजवळ बसा. माझ्या पोराचं मी बघते, सोमवारी पाठवते."

सोमवारी तो आला. मी पहिल्याच तासाला वर्गासमोर सांगितलं की त्या दिवशी दप्तरातल्या विड्या त्याच्या आईच्या कामाच्या होत्या, ते मला ठाऊक होतं आणि मी गप्प बसले ही माझी चूक. मुख्याध्यापकांना ते आवडलं नाही. तो मुलगा खाली बघत बसला होता. वर्ष संपेपर्यंत तो माझ्याशी कामापुरतंच बोलला आणि तसं वागायचा त्याला हक्क होता. मुख्याध्यापकांशी बोलून मी ती यादी मागे घेतली. त्याऐवजी आठवड्यातून एक तास मैदानावर मुलांसोबत बसायची परवानगी मागितली, ती मिळाली. त्या मुलानं दहावी दुसऱ्या प्रयत्नात काढली. आता तो दिवसा मामाच्या ओळखीनं टॉवेलच्या कारखान्यात काम करतो आणि बारावीला बाहेरून बसणार आहे.

माझ्या घरात मात्र गोष्टी इतक्या लवकर हलल्या नाहीत. मी शिकवण्या सोडल्या. साडेपाचला घरी यायला लागले. सुरुवातीला मुलगा आपल्या खोलीत आणि मी स्वयंपाकघरात, मधे बंद दार. खोकल्याचं औषध सुटल्यामुळं त्याची चिडचिड व्हायची, पोटात दुखायचं, घाम फुटायचा. एकदा त्यानं ताट भिंतीवर फेकलं. मी भिंत पुसून घेतली.

मग एका संध्याकाळी मी शेंगांचं पोतं हॉलमध्ये ओतलं. आमच्याकडे चटणी घरीच होते, शेंगा गावाकडून येतात. मी फोडायला बसले आणि त्याला हाक मारली, "जरा हात लाव." तो आला. पहिल्या दिवशी फक्त टरफलांचा आवाज. दुसऱ्या दिवशीही. मी काही विचारायचं नाही असं ठरवलं होतं आणि ते फार अवघड जात होतं. आठवडाभरानं, खाली बघत, तो म्हणाला, "पहिली बाटली आपल्याच घरातली होती, आई."

मी शेंग फोडत राहिले.

"क्लासमधली मुलं म्हणायची, झोप छान लागते. मी घरी आलो की कुलूप असायचं. कुलूप काढून आत यायचं आणि मग तू येईपर्यंत काय करायचं ते कळायचं नाही. जुन्या घरी असताना असं नव्हतं. मग त्या दोघांनी विचारलं, येतोस का. इथं मला विचारणारे तेच दोघं होते."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू दमून यायचीस. आणि तू शाळेत मुलांना व्यसनावर भाषण देतेस. तुला काय सांगणार?"

 त्यानं पाटी भरून दाणे माझ्यापुढे सरकवले आणि उठून गेला. पण दार त्यानं उघडं ठेवलं.

दिवाळीनंतर त्यानं पुन्हा जुन्या मैदानावर जायला सुरुवात केली. तिथल्या प्रशिक्षकांना मी स्वतः सगळं सांगितलं. ते म्हणाले, "येऊ द्या. खेळात जमतंय का बघू, बाकीचं त्याचं तो बघंल." सगळं सरळ झालं असं मात्र नाही. पूर्वपरीक्षेच्या आधी एकदा तो घसरला. रविवारी दुपारी तो अर्धवट झोपेत सापडला, डोळे जडावलेले. या वेळी मी मारलं नाही, लपवलं नाही. दुसऱ्या दिवशी तिघं डॉक्टरांकडे गेलो. त्या म्हणाल्या, "होतं असं. तुम्ही लगेच आलात, हे बरं केलंत." मी पदर डोक्यावरून घ्यायचं विसरले होते, हे बाहेर आल्यावर माझ्या लक्षात आलं.

दहावीला त्याला बेताचे गुण मिळाले. आता तो डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मी अजूनही घाबरते. त्याला यायला उशीर झाला की गॅलरीत जाऊन उभी राहते, तो दुपारी झोपला की दोनदा डोकावते. त्याला ते कळतं आणि कधी त्याचा राग येतो, कधी हसतो.

हे लिहायच्या आधी मी त्याला विचारलं होतं. "लिही," तो म्हणाला, "पण कुणाचं नाव घालू नकोस." लिहून झाल्यावर वाचायला दिलं. त्यानं सावकाश वाचलं, मोटरसायकलच्या भागाशी थोडा थांबला, पण खोडायला सांगितलं नाही. शेवटी म्हणाला, "बाबांचं फार कमी लिहिलंयस."

त्याचं खरं आहे. ऑगस्टमधल्या त्या दिवसानंतर माझ्या नवऱ्यानं बार्शीची खोली सोडली. बदली होईपर्यंत, म्हणजे जवळजवळ दीड वर्ष, ते रोज सकाळची एसटी पकडून जात आणि रात्रीच्या जेवणाला घरी येत. पाठ दुखायची, पट्टा बांधून बसत. मला वाटायचं, येता-जाता झोपत असतील. मुलानं सांगितलं तेव्हा कळलं की बाबा बसमध्ये त्याची दहावीची पुस्तकं वाचत होते. जेवताना मुलाशी काय बोलायचं हे त्यांना कधी जमलं नव्हतं, म्हणून ते रोज एक धडा वाचून यायचे आणि भाकरी मोडता मोडता त्याला विचारायचे, "अरे, ते भिंगाचं मला काही समजलं नाही, सांग बरं."